तिला कुणी विचारलंच नाही

थर्टी-फर्स्टच्या रात्री पावणेदोनला भाचीचा फोन आला. "मावशी, घाबरू नकोस, पाय दुखावलाय फक्त. आईला सांगू नकोस." मी पोचले तेव्हा ती एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत बाकावर बसली होती, घोटा टम्म सुजलेला. वळणावरच्या खडीवर स्कूटर घसरली होती. चालवत ती होती, मागे तिचा मित्र होता. त्याचं कोपर सोलवटलं होतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरने पहिला प्रश्न त्या मुलाला केला, "घेतली होतीस का? किती?" तो एक बिअर म्हणाला. मग भाचीचा केसपेपर पुढे ओढून डॉक्टरने नाव, वय २२, चक्कर, उलटी, औषधांची अ‍ॅलर्जी असं सगळं विचारून घेतलं. 'अ‍ॅडिक्शन' या रकान्यापुढे मात्र मान वर न करता 'निल' लिहिलं. दारूबद्दल तिला कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाय उशीवर ठेवून बसलेली असताना तिने आपणहून सांगितलं : व्होडकाचे तीन लार्ज, साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान.

तेव्हापासून मी एक प्रश्न धरून वाचत राहिले. तरुण मुलामुलींचं एका बैठकीत भरपूर पिणं कमी व्हावं म्हणून जगभर 'संक्षिप्त समुपदेशन' नावाचा एक उपाय गेली चाळीस वर्षं वापरला जातो आहे. तो मुलांना आणि मुलींना सारखाच लागू पडतो का? बराच काळ उत्तर 'नाही, पुरुषांना जास्त' असं होतं. ते उत्तर कच्चं होतं, आणि ते कच्चं का होतं हे समजून घेण्यातच या विषयाचा खरा गाभा आहे असं मला वाटतं.

आधी मोजमाप. आपल्याकडे 'बसणं' या क्रियापदाला एक खास अर्थ आहे. "आज बसायचं का?" असं कुणी विचारलं की चकणा कुठला हेच ठरवायचं बाकी असतं. हे बसणं केव्हा धोक्याचं होतं, याचा हिशेब सोपा आहे. आपल्याकडच्या व्हिस्की-व्होडकात साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये त्याचे सुमारे १० ग्रॅम होतात. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना महिन्यातून एकदा तरी एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त घेणाऱ्याला धोक्याच्या गटात धरते, म्हणजे आपल्या भाषेत बरोबर एक क्वार्टर. तीन लार्जचाही हिशेब तोच.

या संघटनेची रेषा बाई-पुरुषाला एकच आहे. अमेरिकेत ती वेगळी आहे. तिथलं एक 'ड्रिंक' १४ ग्रॅमचं, आणि साधारण दोन तासांत पुरुषाने पाच किंवा बाईने चार घेतली की त्याला बिंज ड्रिंकिंग म्हणतात. हा पाच-चारचा भेद रुजवला हार्वर्डच्या हेन्री वेक्सलर यांनी. १९९३ मध्ये त्यांनी १४० महाविद्यालयांतल्या १७ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा ४४ टक्के विद्यार्थी या व्याख्येत बसले. १९९५ मध्ये त्यांच्या गटाने दाखवून दिलं की पाच घेणाऱ्या मुलाला जितका त्रास होतो तितकाच चार घेणाऱ्या मुलीला होतो. कारण शरीरात आहे. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू रक्तात जास्त दाट होते. शिवाय १९९० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, दारू जठरातच मोडणारं विकर बायकांमध्ये कमी काम करतं असं आढळलं.

त्रासाची जातही वेगळी. मुलांच्या बाबतीत मारामारी, गाडी, पोलीस. मुलींच्या बाबतीत कमी प्यायल्यावरही रात्रीचा काही भाग आठवणीतून पुसला जाणं, नको असलेला स्पर्श, जबरदस्ती, आणि नंतर त्याबद्दल स्वतःलाच दोष देत राहणं. जबरदस्तीचा दोष करणाऱ्याचाच असतो, पिणारीचा नव्हे. समुपदेशकाने हे पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट केलं नाही, तर पुढचं बोलणं मुलीच्या कानावर आणखी बोलणी बसल्यासारखं पडतं.

आता तो उपाय. १९८३ मध्ये विल्यम मिलर यांनी 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' ही पद्धत मांडली. धाक नाही, उपदेश नाही, व्यसनी असा शिक्का नाही. माणसाच्या मनात पिण्याबद्दल जी दोन मतं आधीच भांडत असतात ती त्याच्याच तोंडून बाहेर काढायची. सिअ‍ॅटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात अ‍ॅलन मार्लाट आणि सहकाऱ्यांनी तिला विद्यार्थ्यांसाठी आकार दिला. 'बेसिक्स' या नावाने ती ओळखली जाते. पहिल्या भेटीत माहिती घ्यायची, दुसऱ्या भेटीत एक कागद समोर ठेवायचा. तू आठवड्याला किती पितेस, तुझ्या वजनाला त्या रात्री रक्तात अल्कोहोल किती चढलं असेल, बाकीचे किती पितात असं तुला वाटतं, आणि ते प्रत्यक्षात किती पितात. मग विचारायचं, "हे बघून काय वाटतं?" आणि गप्प बसायचं. त्यांच्या १९९८ च्या अभ्यासात ३४८ जास्त पिणारे विद्यार्थी होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले, आणि दोन वर्षांनंतरही समुपदेशन मिळालेल्यांचं पिणं आणि त्यातून होणारे त्रास तुलनेच्या गटापेक्षा कमी होते.

बाई-पुरुष फरकाचा पहिला मोठा धक्का त्याआधीच बसला होता. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत मिळून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. १,२६० पुरुष, २९९ बायका. पाच मिनिटांचा साधा सल्ला मिळालेल्या पुरुषांचं रोजचं सरासरी पिणं तुलनेच्या गटापेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी खाली आलं, आणि २० मिनिटांच्या समुपदेशनाने त्याहून जास्त काही साधलं नाही. बायकांमध्ये असा फरक दिसला नाही, आणि इथेच बहुतेकांनी वाचन थांबवलं. पुढचं वाक्य महत्त्वाचं होतं. बायकांचं पिणं दोन्ही गटांत कमी झालं होतं. सल्ला मिळालेल्यांचंही, आणि ज्यांना फक्त प्रश्न विचारून घरी पाठवलं त्यांचंही.

२००७ मध्ये, वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात हाच पेच पुन्हा दिसला. दवाखान्यांतल्या प्रयोगांची बेरीज केल्यावर वर्षभराने पुरुषांचं पिणं आठवड्याला ५७ ग्रॅमने कमी भरलं, बायकांचं अवघं १० ग्रॅमने, आणि तेही योगायोगाने येऊ शकेल इतकं अनिश्चित. 'बायकांवर परिणाम होत नाही' हे वाक्य तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत घर करून बसलं. त्याच्या तीन वर्षं आधी, २००४ मध्ये, बाल्येस्तेरोस आणि सहकाऱ्यांनी याच प्रकारच्या प्रयोगांची बेरीज करून परिणाम दोघांवर सारखाच असल्याचं म्हटलं होतं, पण ते मागे पडलं. २०१८ मध्ये कॉक्रेनने आढावा नव्याने केला. आता ६९ प्रयोग आणि ३३ हजारांहून अधिक माणसं होती. निष्कर्ष असा की बायका आणि पुरुष, दोघांचंही पिणं कमी होतं. सरासरी आठवड्याला २० ग्रॅमने, म्हणजे दोन स्मॉल पेग. अकरा वर्षांत बायकांचं शरीर बदललं नव्हतं. आधीच्या प्रयोगांत त्या पुरेशा घेतलेल्याच नव्हत्या. थोड्या माणसांवरून काढलेला आकडा डळमळीत असतो, आणि त्या डळमळीतपणाला आपण स्त्रीस्वभाव समजून बसलो.

तरीही एक खरा फरक उरतो. तो मला सगळ्यात स्वच्छ दिसला केट केरी आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात. वसतिगृहाचे दारूविषयक नियम मोडल्याबद्दल पकडलेले ६७७ विद्यार्थी. अमेरिकी विद्यापीठांत अशा मुलांना समुपदेशन सक्तीचं असतं. काहींना समोरासमोर समुपदेशन मिळालं, काहींना संगणकावरचा कार्यक्रम, आणि काहींना थांबवून ठेवलं. थांबवून ठेवलेल्या मुलींचं पिणं आपोआप घटलं, मुलांचं घटलं नाही. मुलांचं पिणं कुठल्याही उपायाने घटलं, पण ते टिकलं नाही. मुलींचं मात्र समोर माणूस बसून बोलल्यावर संगणकापेक्षा जास्त घटलं, आणि वर्षभर सुरुवातीपेक्षा खालीच राहिलं.

हे तीन निष्कर्ष एकत्र ठेवले की १९९६ चं कोडं उलगडतं. पकडलं जाणं, विचारलं जाणं, मोजलं जाणं, यांनीच मुलगी थबकते. तिच्यावर आधीच दुप्पट डोळे असतात, घरचे आणि बाहेरचे. त्यामुळे तुलनेचा गटही हलतो, आणि उपायाचा परिणाम आकडेवारीत लपून जातो. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठात किप्री यांच्या गटाने २००७ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता : तपासणीचे प्रश्नच माणसाला बदलतात, त्यामुळे उपायाचा खरा गुण झाकला जाण्याची शक्यता असते.

मग नुसतं विचारलं की पुरे, असा अर्थ कुणी काढेल. पिट्सबर्गचा अनुभव याच्या उलट आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हा आढावा प्रामाणिक राहणार नाही. सफोलेटो आणि सहकाऱ्यांनी तिथल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत आलेल्या ७६५ तरुणांना १२ आठवडे मोबाइलवर संदेश पाठवले. वीकेंडच्या आधी 'पिण्याचा बेत आहे का?' आणि नंतर 'किती झाली?' एका गटाला उत्तरावर प्रतिसाद येई, मर्यादा ठरवशील का असं विचारलं जाई. दुसऱ्या गटाला फक्त प्रश्न. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. प्रतिसाद मिळालेल्यांचे महिन्यातले बिंजचे दिवस सरासरी अर्ध्या दिवसाने घटले. नुसते प्रश्न आलेल्यांचे जवळपास एका दिवसाने वाढले, काहीच न मिळालेल्यांपेक्षाही जास्त. विचारायचं आणि उत्तर ऐकून गप्प राहायचं, हे त्या तरुणांनी संमती म्हणून वाचलं असावं असा माझा तर्क आहे.

कागदावर काय लिहायचं, इथेही लिंगाचा प्रश्न येतो. पर्किन्स आणि बर्कोविट्झ यांनी १९८६ मध्ये दाखवलं की विद्यार्थी इतरांच्या पिण्याचा अंदाज वास्तवापेक्षा बराच वर धरतात. 'सगळेच पितात' हे सगळ्यांनाच वाटतं आणि त्या वाटण्याच्या पाठीमागे प्रत्येकजण धावतो. म्हणून खरा आकडा समोर ठेवणं हे या समुपदेशनाचं मोठं हत्यार. पण कुणाचा आकडा? मुलीला 'सरासरी विद्यार्थी इतकं पितो' सांगितलं तर त्यात मुलांचं पिणंही मिसळलेलं असतं, आणि ती मनात म्हणते, मग मी ठीकच आहे. लुइस आणि नेबर्स यांनी २००७ मध्ये दोन्ही प्रकारचे कागद देऊन पाहिले. दोन्हींनी पिणं घटलं, मुलांचंही आणि मुलींचंही. पण 'माझ्यासारख्या मुली किती पितात' याची समजूत बदलल्याने पिणं घटलं, ही साखळी फक्त मुलींमध्ये सापडली. आणि मुलगी असणं ज्यांना स्वतःच्या ओळखीत मोलाचं वाटतं, त्यांच्यावर मुलींच्याच आकड्यांचा कागद जास्त चालला.

कारणांचंही तसंच. कुणी मजा वाढावी म्हणून पितं, कुणी चारचौघांत मिसळावं म्हणून, कुणी दुःख गिळायला, तर कुणी आपण वेगळे पडू नये म्हणून. लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठात लाब्री यांच्या गटाने पहिल्या वर्षाच्या मुलींना छोट्या गटांत बसवून याच कारणांवर बोलतं केलं. मैत्री आणि मजेसाठी पिणाऱ्या मुलींवर त्याचा विशेष परिणाम झाला. हे पटण्यासारखं आहे. ज्या गोष्टीसाठी प्यायचं ती, म्हणजे मैत्रिणींसोबत मोकळं बसणं, त्यांना त्याच खोलीत न पिता मिळत होती. याच्या उलट, दारूच्या नावाखाली दारू नसलेलं पेय देऊन 'चढल्यासारखं' वाटायला लावायचं आणि मग खरं सांगायचं, हा डार्क्स आणि गोल्डमन यांचा १९९३ चा प्रयोग पुरुष विद्यार्थ्यांवर झाला आणि त्यांच्यावर चालला. मुलींवर नंतर केलेल्या अशा प्रयोगांत तसं यश सातत्याने मिळालं नाही.

केवळ बायकांसाठी घडवलेल्या उपायांत मला 'चॉइसेस' सगळ्यात शहाणा वाटतो. गर्भात दारू पोचू नये हा हेतू, पण बाईला दोन वाटा खुल्या : पिणं कमी कर, किंवा गर्भनिरोधक नीट वापर, किंवा दोन्ही. २००७ मध्ये ८३० बायकांवरच्या प्रयोगात याने धोका कमी झाल्याचं दिसलं. निवड तिच्या हातात ठेवली हे त्यातलं मर्म. इतका नेमका विचार तरुण पुरुषांच्या बाजूने, म्हणजे मर्दपणा आणि पिणं यांची गाठ सोडवण्यासाठी, फारसा झालेला नाही.

या सगळ्याचा आकार किती, हेही सांगायला हवं. २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांवरच्या मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगच्या ८४ प्रयोगांचा कॉक्रेनचा २०१६ चा आढावा म्हणतो की आठवड्याची १३.७ ड्रिंक्स १२.५ वर येतात. एवढ्याने आयुष्यात फरक पडत नाही, असं खुद्द आढावा करणाऱ्यांचं मत. मला ते पूर्ण पटत नाही. दहा-वीस मिनिटांच्या बोलण्याने जे होतं ते दहा-वीस मिनिटांइतकंच असणार, आणि सरासरीमागे एखादीची एक रात्र बदललेली असते. पण हा जादूचा मंत्र नाही, हे मान्य.

भारतात हा सगळा पसारा कुठे बसतो? २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातले २७.३ टक्के पुरुष आणि १.६ टक्के बायका दारू पितात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पिणाऱ्या बायकांचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे, गोव्यात साडेपाच टक्के. या आकड्यांत मोहाची दारू पिणारी आदिवासी आजी आणि पबमध्ये बसलेली आयटीतली मुलगी एकाच रकान्यात आहेत. आणि घरी येऊन प्रश्न विचारणाऱ्या बाईला, सासू शेजारी बसलेली असताना, खरं कोण सांगणार? महाराष्ट्रात व्होडकासाठी कायद्याने वय २५ लागतं. माझी भाची २२ ची. तिला खोटं बोलायला घराव्यतिरिक्त सरकारी कारणही होतं.

जगाचा ओघ मात्र ठाऊक आहे. २०१६ मध्ये बीएमजे ओपनमध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या पिढीत पिण्याचं प्रमाण बायकांपेक्षा पुरुषांत दुपटीहून जास्त होतं, तर त्या शतकाच्या शेवटी जन्मलेल्यांत ते जवळपास बरोबरीचं आढळलं.

या क्षेत्रातला आपला सगळ्यात अभिमानाचा प्रयोग गोव्यातला. 'संगत' संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ जणांना घेतलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. फार तर चार भेटी. लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले : तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याबाहेर, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के, आणि गेल्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ विरुद्ध १८ टक्के. गरीब देशांतल्या आरोग्यसेवेसाठी हा रस्ता दाखवणारा निष्कर्ष आहे. पण ते ३७७ च्या ३७७ पुरुष होते. अतिपिणाऱ्या बायका केंद्रांत पुरेशा संख्येने सापडणार नाहीत, असं संशोधकांनी धरलं, आणि आकड्यांकडे पाहता ते समजण्यासारखंही आहे. पण त्यामुळे कोकणी-मराठी बोलणाऱ्या तरुणीशी दारूबद्दल कसं बोलायचं, कुठला शब्द वापरायचा, कुणाला खोलीबाहेर पाठवायचं, याचा अनुभव त्या प्रयोगातून जमा झाला नाही.

आपल्या सार्वजनिक जीवनात बाई दारूच्या समोरच्या बाजूला उभी असते. 'एकच प्याला'तली सिंधू तिथेच आहे. गावात आडवी बाटली व्हावी म्हणून रांगेत उभ्या राहिलेल्या बायकाही तिथेच, आणि त्यांच्या लढ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या चित्रात ग्लास हातात असलेल्या मुलीला जागा नाही. तळीराम या शब्दाला स्त्रीलिंगी रूप नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला, हे मोठं काम आहे, पण तिथे पोचेपर्यंत बाईचं बरंच काही हातचं गेलेलं असतं. संक्षिप्त समुपदेशन त्याच्या कितीतरी आधीच्या टप्प्यासाठी आहे, घोटा सुजून कॅज्युअल्टीत बसलेल्या मुलीसाठी. आणि तिथे केसपेपरवर 'निल' लिहिलं जातं.

त्या दुपारी मी भाचीपुढे एक कागद ठेवला. ऑडिट या जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांतले पहिले तीन मी मराठीत लिहिले होते. किती वेळा पितेस? पितेस तेव्हा किती? एका वेळी सहा किंवा त्याहून जास्त, असं किती वेळा होतं? तिने विचारलं, "स्मॉल की लार्ज?" मी स्मॉल म्हणाले. ती बोटांवर मोजत थांबली, तीनाचे सहा केले, आणि आकडे मांडले. महिन्यातून दोन-तीनदा, दोन गुण. सहा पेग, दोन गुण. सहा किंवा जास्त, महिन्यातून एकदा तरी, दोन गुण. बेरीज सहा. पुरुषासाठी चारला आणि बाईसाठी तीनला पुढे बोलायला हवं असं धरतात, एवढंच मी सांगितलं, आणि मग मी नुसती बसून राहिले. ती बराच वेळ कागद बघत होती. मग म्हणाली, "मला वाटायचं आमच्या ग्रुपमध्ये मीच कमी घेते." तिने मोबाइल काढला, कागदाचा फोटो घेतला आणि मैत्रिणींना पाठवला. खाली लिहिलं, 'खरं सांगा, स्मॉलच्या हिशेबाने.'

संध्याकाळी चहा घेताना तिने फोन माझ्याकडे सरकवला. चौघींची उत्तरं आली होती.